सी मेजर, उजवा हात

१२ फेब्रुवारी

मुली,

मायन्यालाच अडलो. पूर्वी सूनबाई लिहिलं असतं. आता कागदोपत्री तू माझी कोणी लागत नाहीस, आणि तुला कधी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. म्हणून मुली. चालत नसेल तर खोडून टाक आणि पुढचं वाच.

जाताना तू म्हणाली होतीस, या घरातून फोन नकोत, प्रत्येक फोनात कोणाचा तरी निरोप असतो. मी फोन केलेला नाही. हे पत्र आहे आणि यात कोणाचाच निरोप नाही. माझी एक अडचण आहे, ती तुझ्याशिवाय कोणाकडून सुटायची नाही.

तुझा पियानो मी उघडला. त्याच्यावर आता इस्त्रीचे कपडे ठेवतात, ते आधी उचलले. भिंगरीचं शिकायचं पुस्तक स्टुलाच्या पोटात सापडलं. पट्ट्यांवर तिने चिकटवलेले रंगीत ठिपके अजून आहेत. पहिल्या धड्यात लिहिलंय, लाल ठिपक्याच्या सी पासून ओळीने आठ पांढऱ्या पट्ट्या वाजवा, हे झालं सी मेजर स्केल. वाजवलं. बरोबर वाटलं, शाळेत सा रे ग म म्हणायचो तसंच. मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. पांढऱ्या पट्ट्या सगळ्या सारख्या रुंद आहेत, फूटपट्टी लावून पाहिलं. म्हणजे सुरुवात कुठूनही केली तरी गाणं तेच निघायला हवं. शेजारच्या पिवळ्या ठिपक्यापासून आठ वाजवल्या तर कोणीतरी रुसून बसल्यासारखं वाजलं. त्याच्या पुढच्यापासून वाजवल्या, ते पारच बिनसलं.

असं का होतं? मी जन्मभर लाकडी जिने केले. पायरी पायरीसारखी असली की तळमजल्यावरून चढा नाहीतर मधून, पाय चुकत नाही. इथे पट्ट्या सारख्या आणि कान मात्र ठेचकाळतो.

सवडीने लिही. घाई नाही. मला वेळच वेळ आहे, वर्कशॉपला सध्या कुलूप आहे.

अक्षर वाईट आलंय. टेबल हलतं.

भिंगरीचा आजोबा


२ मार्च

मुली,

तुझं पाकीट आलं. मायना नव्हता, खाली सही नव्हती, पण उत्तर होतं आणि चित्रही होतं. तेवढं पुष्कळ झालं.

तू लिहिलंस, पांढऱ्या पट्ट्या मोजू नका, काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजा. मोजल्या. सी पासून पुढच्या डी पर्यंत मधे एक काळी आहे, म्हणजे दोन घरांची उडी. डी ते ई, पुन्हा दोन. ई ते एफ मधे काळीच नाही. एकच घर. तिथे मी थांबलो आणि इतकी वर्षं तो पियानो पाहून हे कधी दिसलं नाही याचं नवल करत बसलो. रोज झाडताना त्यावरून फडकं फिरवलं होतं मी.

तुझा आकडा आता पाठ झालाय. दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. म्हणजे या जिन्यात दोन पायऱ्या बुटक्या आहेत, एक ग वरून म वर चढताना आणि एक अगदी शेवटी, नी वरून वरच्या सा वर जाताना. डोळ्याला सगळ्या सारख्या दिसतात, बुटकेपणा फक्त कानाला कळतो. आणि डी पासून पांढऱ्याच वाजवल्या की त्या बुटक्या पायऱ्या भलत्याच जागी येतात, म्हणून ते रडकं वाजतं. बरोबर ना? एखाद्या घरात मी अशा पायऱ्या केल्या असत्या तर लोकांनी मला दारात उभं केलं नसतं. इथे मात्र त्या दोन बुटक्यांमुळेच तो जिना जिना वाटतो. सगळ्या सारख्या केल्या तर काय होतं तेही करून पाहिलं. दोन-दोन घरं टाकत गेलो, तर नुसताच चढत राहिलो, घर कुठे आलं ते कळेना.

बोटांचंही समजलं. अंगठा एक, करंगळी पाच. एक, दोन, तीन, मग अंगठा खालून सरकवून पुन्हा एक, दोन, तीन, चार, पाच. हे तू उजव्या हाताचं दिलंयस. डाव्याचं कसं? डाव्याला करंगळीपासून सुरू केलं की पाचव्या पट्टीवर अंगठा येतो आणि बोटं संपतात. पुढे काय करायचं?

तू लिहिलंस, 'तुमच्या मुलाबद्दल काही लिहू नका.' नाही लिहीत.

भिंगरीच्या पुढच्या दातांचं काय झालं? आले का? हा निरोप नव्हे, प्रश्न आहे.

आजोबा


१९ मार्च

मुली,

डाव्या हाताचं उत्तर दिलंस, खाली दोनच ओळी लिहिल्यास आणि मला पकडलंस. 'तुमच्या घरात टेबल हलत नाही. उजव्या हाताला काय झालंय?'

खरं तर मला राग आला. पत्र घडी करून तीन दिवस खिशात ठेवलं. कोणी विचारलं की मी अजून चिडतो. व्यायामवाल्या बाई म्हणतात, चिडणं हाही आजाराचाच भाग आहे. मी त्यांना म्हटलं, मी आधीपासूनच चिडका आहे, हवं तर घरी विचारा.

सांगतो. थंडीतली गोष्ट आहे. बेकरीवाल्याच्या घरचा जिना करत होतो. कठडा बसवायचा राहिला होता. पटाशी खाली पडली म्हणून उचलायला वाकलो. वाकलो, हात पुढे केला, आणि पाहतो तर पटाशी तिथेच. पुन्हा हात केला. हात जातोय, बोटं मिटत नाहीत. मला भीती वाटली नाही, तुला खोटं वाटेल. मला वाटलं, पटाशीच जमिनीला चिकटलीय. मी तिला पायाने ढकलून पाहिलं. ती सरकली तेव्हा मग मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलो. बेकरीवाल्याची बायको काहीतरी विचारत होती आणि मला तिचं सगळं समजत होतं, पण उत्तराचा शब्द ओठांवर येऊन मागे फिरत होता.

बोलणं आठवड्यात परत आलं. पाय थोडा ओढतो, तेवढं चालतं. हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं ऐकतात. चौथं आणि पाचवं ऐकत नाहीत. मी त्यांच्याकडे बघत बसतो आणि मनातल्या मनात म्हणतो, उचला. ती माझ्याकडे बघत बसतात.

तुला कळवू नको असं मीच म्हटलं होतं, त्याबद्दल कोणाला बोल लावू नकोस. तुला निघून वर्षही झालं नव्हतं. मी आजारी पडलोय असं कळल्यावर तू आली असतीस, आणि कर्तव्य म्हणून आलेली तू मला बघवली नसती.

बाईंनी मऊ रबरी चेंडू दिलाय, दिवसभर दाबायला. दोन आठवडे दाबला. चेंडूला बोलता येत नाही, हा त्याचा दोष. दाबला काय नि न दाबला काय, सारखाच गप्प. एकदा चेंडू घरंगळत पियानोखाली गेला, तो काढायला वाकलो, उठताना आधारासाठी झाकणावर हात ठेवला. तिथून हे सगळं सुरू झालं.

डाव्या हाताचं तू दिलंयस तसं केलं. पाच, चार, तीन, दोन, एक, मग तिसरं बोट अंगठ्यावरून पलीकडे टाकायचं, तीन, दोन, एक. आता अडखळत नाही. हे पत्रही डाव्यानेच लिहितोय.

आजोबा


६ एप्रिल

मुली,

भिंगरीचं चित्र पोचलं. त्यात मला सहा बोटं काढलीत, म्हणजे तिने माझं नुकसान भरून काढलंय.

तू बजावलंस तसं रोज सकाळी उजवा हातही ठेवतो. हळू. घड्याळाच्या टिकटिकीपेक्षा हळू. एक, दोन, तीन, अंगठा खालून, एक, दोन. इथवर मी तुझ्या कुठल्याही विद्यार्थ्याइतका बरा आहे. पुढचं तीनही येतं. सहा स्वर झाले, आता शेवटचे दोन, नी आणि वरचा सा. आणि त्या दोघांवर नेमकी चौथं आणि पाचवं बोट येतं.

काय गंमत आहे बघ. मधे कुठेतरी अडलो असतो तर पुढे ढकलून गेलो असतो. पण ध वर थांबायचं म्हणजे दाराच्या दोन पायऱ्या अलीकडे उभं राहायचं. दार दिसतंय आणि कडीला हात पोचत नाही. कधी चौथं बोट पट्टीवर नुसतं आडवं होतं आणि तीन पट्ट्या एकदम दाबतं. कधी काहीच दाबत नाही. करंगळी तर पलीकडच्या घरी पाहुणी आल्यासारखी बसून असते.

तू लिहिलंस, तिसऱ्या बोटानंतर पुन्हा अंगठा घ्या, तीनच बोटांनी पुरा करा, चालतं. मला ठाऊक आहे की चालतं. दोन दिवस केलं. स्वर सगळे आले. पण ते कठड्याला धरून चढल्यासारखं झालं. थोडे दिवस चौथ्याची वाट बघतो. नाहीच आलं तर आहेच तुझा मार्ग.

आजोबा


२८ एप्रिल

मुली,

तू नको म्हटलेलं आज लिहिणार आहे. वाचायचं नसेल तर इथेच थांब, पुढच्या पत्रात तुला लागणारं तेवढं वेगळं लिहीन.

परवा संध्याकाळी तो लवकर आला. मी पियानोवर होतो. एरवी तो येण्याआधी मी झाकण लावून कपडे होते तसे रचून ठेवतो. तू गेल्यापासून त्या खोलीत तो फारसा येत नाही, आणि वाजलेलं त्याला चालेल की नाही याचा मला अंदाज नव्हता. त्या दिवशी तंद्रीत राहिलो. पाचवी पट्टी, जी, तिथून डाव्या हाताने स्केल करून बघत होतो. सगळं ठीक, शेवटून दुसरा स्वर तेवढा पडेल वाजत होता. तीनदा केलं, तीनदा पडेल.

"बाबा, तिथे काळी घ्या."

मी वळलो. तो दारात, बूट अजून पायात.

"काय?"

"शेवटून दुसरी. पांढरी नाही, तिच्या उजवीकडची काळी."

घेतली. झालं बरोबर. दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. मी मोजायला हवं होतं, मोजलं नव्हतं.

मी विचारलं, "तुला काय माहीत?"

तो म्हणाला, "दहा वर्षं भिंतीपलीकडे बसून ऐकलंय. प्रत्येक नवीन मूल तिथेच चुकायचं. आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची, तुझा कान काय सांगतो?"

मग तो स्टुलाच्या कडेला बसला. खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडत राहिला. मला वाटलं, आता रडतो की काय. रडला नाही. म्हणाला, "बाबा, मला दुसऱ्या शहरात बदली मिळाली आहे. पावसाळ्याआधी जायचंय. हे घर सोडावं लागेल." तिकडे त्याच्याबरोबर कोणीतरी असणार आहे, तेही त्याने सांगितलं. मान खाली घालून सांगितलं, पण सांगितलं. मला बरोबर चला म्हणतो. तिचीही हरकत नाही म्हणे. तिने मला पाहिलेलंसुद्धा नाही, हरकत कुठून असणार.

"आणि हा?" मी पियानोवर हात ठेवला.

"तो तिचा आहे. मी कधी विकेन असं तुम्हाला वाटलं का?"

वाटलं होतं.

तेव्हा कामाचं असं आहे. पियानो तुझ्याकडे यायला हवा. तो चौथ्या मजल्यावर चढत नाही म्हणून तू इथे सोडलास, हे मला माहीत आहे. पण चढत नाही हे कोणी ठरवलं? हमालाने. मला तुझ्या जिन्याची मापं पाठव. जिन्याची रुंदी, आणि वळणावर भिंतीपासून कठड्यापर्यंतची जागा. भिंगरीला टेपचं एक टोक धरायला दे.

आजोबा


१५ मे

मुली,

हमालाचं बरोबर होतं. मापं मी कागदावर मांडली, मग पुठ्ठ्याचा छोटा पियानो कापून तो पुठ्ठ्याच्या जिन्यावरून फिरवला. दुसऱ्या वळणावर चार बोटं जागा कमी पडते. कठडा उतरवला तर निघेल, पण तो कठडा भिंतीत ओतलेला आहे. माझे दोन्ही हात धड असते तरी मी त्याला हात लावला नसता.

आता तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. ती वाचून मी वर्कशॉपमध्ये जाऊन बसलो.

तळमजल्यावरची शिंप्याची खोली रिकामी आहे, मालकीणबाई शिकवणीसाठी द्यायला तयार आहेत, पियानो तिथे सहज जाईल, हे सगळं उत्तम. पण पुढे तू लिहितेस की खोलीला मागे एक लहान खोली आणि मोरी आहे, आणि रात्री तिथे कोणी राहणारं असलं तर बरं. कोणी. हा शब्द तू दोनदा लिहून खोडलास आणि तिसऱ्यांदा ठेवलास, खोडलेलं दिसतंय.

मी कोण म्हणून राहू? लोक विचारतील, हे कोण, तर काय सांगशील? नवऱ्याचे वडील म्हणायला नवरा नाही. आणि तो काय म्हणेल? मुलगा नव्या ठिकाणी जातोय, आणि बाप त्याच्याबरोबर जायचं सोडून, त्याला सोडून गेलेल्या बायकोच्या घराखाली बिऱ्हाड करतो. हे शब्द कडू आहेत, पण मनात आले ते तुझ्यापासून का लपवू. एकदा लपवून पाहिलं, टेबलाने दगा दिला.

म्हणून मी आधी त्याला सांगितलं. जेवताना. तो जेवायचा थांबला.

"तिने बोलावलं?"

"खोली आहे असं कळवलं."

"म्हणजे बोलावलं." मग म्हणाला, "माझ्याकडे का नाही यायचं, बाबा?"

मी खरं ते सांगितलं. तिकडे मी सोफ्यावरचा पाहुणा होईन. तू कामावर गेलास की एक परकी बाई आणि एक लंगडणारा म्हातारा दिवसभर एकमेकांना चहा विचारत बसू. तिच्याकडे खालच्या खोलीत मुलं शिकायला येतील, दार उघडायला कोणीतरी लागेल, आणि भिंगरी शाळेतून आली की आधी माझं दार लागेल.

तो म्हणाला, "भिंगरी," आणि ताट उचलून आत गेला. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "ट्रक मी ठरवतो. तुम्ही भलत्याच कोणाला काम सांगू नका. पियानो नीट बांधता यायला हवा."

तर मी येतो. लोकांनी विचारलं तर सांग, भिंगरीचे आजोबा आहेत. ते कोणत्याच कागदाने बदलत नाही.

आजोबा


९ जून

मुली,

चार मजले चढून सांगण्याऐवजी लिहून तुझ्या पत्रपेटीत टाकतोय, याला हसू नकोस. तोंडाने सांगायला गेलो असतो तर तू मधेच थांबवलं असतंस.

काल पियानो आत घेताना तू दाराच्या आत पाठमोरी होतीस, म्हणून तुला निम्मंच दिसलं. मी बाहेर, उजवा हात खिशात घालून उभा. आयुष्यात पहिल्यांदा जड वस्तू जाताना मी हात लावला नाही. दोन हमाल मागे, पुढे तो. उंबऱ्यापाशी एक हमाल घसरला आणि पियानो तिरका झाला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि शब्द पुन्हा अडकला, थंडीत अडकला होता तसा. तेवढ्यात तू वळलीस आणि खालून कोपरा धरलास.

"तुझ्याकडे थोडा उचल," तो म्हणाला.

"उचललाय. तू डावीकडे घे."

"भिंत लागतेय."

"नाही लागत. अजून दोन बोटं आहेत. सावकाश."

"आला का?"

"आला. आता खाली. बोटं सांभाळ."

दीड वर्षात तुम्ही एकमेकांशी बोललेलं एवढंच मी ऐकलं. सगळं वजनाबद्दल होतं. पण कोणी कोणावर ओझं टाकत नव्हतं. मला तेवढं बरं वाटलं, याहून जास्त अर्थ मी त्यातून काढत नाही, तूही काढू नकोस.

तू हात धुवायला गेलीस तेव्हा भिंगरी त्याच्या कमरेला चिकटली होती. तिने विचारलं, "बाबा, तू राहणार?" तो म्हणाला, "नाही. पण दर महिन्याला येईन, आणि आजोबांकडे बसू." मग माझ्याकडे बघून, "चालेल ना?" मी म्हटलं, खोली तुझ्या लेकीच्या आईची आहे, तिला विचार. त्याने विचारलं का मला माहीत नाही. विचारलं नसेल तर तो विचारेल. मी तुमच्या दोघांमध्ये निरोप नेणार नाही, ते मी पहिल्याच पत्रात कबूल केलंय. मी फक्त दार उघडीन. तू त्या वेळी वर राहा किंवा खाली ये, तुझी मर्जी.

एक तक्रार आहे. पियानो प्रवासात बिघडला. सी बरा आहे, वरचे दोन-तीन स्वर आंबलेत. तू म्हणालीस, दोन-तीन आठवडे त्याला खोलीची हवा मानवू दे, मग ट्यूनरला बोलवू. ठीक. मलाही खोलीची हवा मानवायचीय. मोरीचं दार लागत नाही, ते मी रंधा मारून नीट करीन. डाव्या हाताने. बघ कसं होतं.

आजोबा


१४ जुलै

मुली,

काल रात्री जाताना तू विचारलंस, "बाबा, इथे करमतं ना?" आणि मी 'हो' म्हणून दार लावलं. ते घाईचं उत्तर होतं.

रोज नाही करमत. सकाळी उठलो की क्षणभर जुन्या घराच्या खिडकीकडे वळतो आणि समोर भिंत येते. लाकडाचा वास नसलेल्या घरात मी कधी राहिलो नव्हतो. तो महिन्याने आला, दोन तास बसला, गेला, त्यानंतरचा दिवस फार लांबला. तू वर होतीस. बरोबर केलंस. भिंगरीने त्याला डी मेजर वाजवून दाखवलं आणि त्याने डोळे मिटून ऐकलं, एवढंच तुला सांगतो, कारण ते तिचं कौतुक आहे.

पण करमतंही. तुझी ती नवी विद्यार्थीण, बँकेत काम करणारी, गेल्या आठवड्यात अर्धा तास आधी आली. घाबरली होती, या वयात शिकायचं म्हणून. मी तिला बसवलं, सगळ्या पट्ट्या मोजायला लावल्या, काळ्यासकट. ई आणि एफ वर येऊन ती थांबली आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. जाताना मला सर म्हणाली. मी तिला दुरुस्त केलं नाही. तू करशील तर माझी हरकत नाही, पण आठवडाभर थांब.

आता मुख्य गोष्ट. व्यायामवाल्या बाईंनी परवा स्पष्ट सांगितलं, सहा-सात महिन्यांत जेवढं यायचं तेवढं बहुतेक आलं. करंगळी आता फार सुधारणार नाही. मी विचारलं, आणि चौथं? त्या म्हणाल्या, चौथ्याचं सांगता येत नाही. मी त्यांना बिस्किटं दिली आणि दार लावून घेतलं. मग वाईट वाटलं. तुझ्या त्या विद्यार्थिणीची चाहूल लागेपर्यंत तसाच बसून होतो.

आज सकाळी खोलीत कोणी नव्हतं. भिंगरी शाळेत, तू बाजारात. उजवा हात ठेवला. एक, दोन, तीन, अंगठा खालून, एक, दोन, तीन. आणि चौथं बोट खाली गेलं. आडवं नाही. शेजारच्या पट्टीला न लागता, एकटं, नी वर. स्वर इतका बारीक आला की ट्रक गेला असता तर ऐकू आला नसता. मी तसाच धरून ठेवला. नी वर थांबणं किती अवघड असतं ते पुस्तकात लिहिलेलं नाही. सगळा जीव वरच्या सा कडे ओढतो, एकच घर, शेवटची बुटकी पायरी, आणि करंगळी तिथे बसली होती, ढिम्म. स्वर हळूहळू विरून गेला. मग पुन्हा केलं, चौथं आलं नाही. पुन्हा केलं, आलं नाही. मग आलं. म्हणजे येतं. रोजच्या रोज नसेल, पण येतं.

डाव्या हाताने तो सा वाजवता आला असता. अंगठा फिरवून तीन बोटांतही झालं असतं. दोन्ही मला येतं. आज करावंसं वाटलं नाही.

बुधवारी शेवटचं मूल गेलं की लगेच वर जाऊ नकोस. माझ्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बस. मी नी पर्यंत येतो. वरचा सा तू वाजव.

आजोबा